पत्रिकेवरचा भंडारा

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. आमची बायको माझ्यापासून काही लपवत नाही, असं तो चारचौघांत म्हणतो आणि मी मान डोलावते. देवापुढे हात जोडते तेव्हाही ही गोष्ट सोडून बाकीचं सगळं बोलते. देवापुढे तर ती नकोच — का, ते पुढे कळेल. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणूनच बहुतेक आज जमतंय.

पण आधी माझं काम सांगू द्या. त्याशिवाय पुढचं समजणार नाही, आणि खरं सांगायचं तर या कामाबद्दल बोलायला मला आवडतं.

मी हातानं लग्नपत्रिका बनवते. जाड, जरा खरबरीत हातकागद घ्यायचा. रबरात स्वतः कोरलेला ठसा, समजा कलशाचा, पारदर्शक चिकट शाईत टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. कागदावर काहीच दिसत नाही — फक्त तिरकं धरलं तर ओलसर कलश दिसतो. त्यावर बारीक पावडर भुरभुरवायची, जादाची झटकून टाकायची आणि खालून गरम हवेचं मशीन धरायचं. पावडर आधी पिठासारखी मेलेली असते. मग एका कोपऱ्यातून ती वितळायला लागते आणि बघता बघता अख्खा कलश चकचकीत होऊन कागदावर उठून येतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी नारळ कुठं, आंब्याची पानं कुठं, कळतं. इतकी वर्षं झाली, तो क्षण आला की अजून माझा श्वास थांबतो.

मी कोरेगावची, दिलेली सांगलीला, दहावीच्या पुढे शिकले नाही. आज साताऱ्यात माझा स्वतःचा कारखाना आहे, आठ-दहा बायका हाताखाली आहेत. महाबळेश्वरच्या हॉटेलांत लग्नं करणारे लोक गाड्या लावून माझ्या जिन्यावर बसतात. भाव पाडायला येणाऱ्याला मी आधी चहा पाजते. चहा पिऊन झाल्यावर माणूस उठून जायला लाजतो, हे मला माहीत आहे. आणि राग? तोही माझा प्रसिद्ध आहे. ‘झेरॉक्ससारखंच तर आहे’ असं म्हणणाऱ्या एका वरबापाच्या हातून नमुना ओढून घेऊन मी त्याला जिना दाखवला होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बायकोला पुढे घालून परत आला. मी भाव वाढवला. त्यानं दिला.

हे सगळं मी कमावलेलं आहे. कुणी हातावर ठेवलेलं नाही. फक्त — सुरुवात कशी झाली, ते मी आजवर अर्धंच सांगत आले.

लग्नानंतर मी सांगलीत शंकरभाऊंच्या छापखान्यात कामाला लागले. नवऱ्याच्या ओळखीचे ते, म्हणून मला ‘वैनी’ म्हणायचे. पत्रिकांना घड्या घालायच्या, डिंक लावायचा, रेशमी दोरे ओवायचे, हे माझं काम. जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या रबरावर ब्लेडनं कोरत बसायचे. एक मंगलकलश असा काही जमला की मी तो सोनेरी पावडरीत उठवून शंकरभाऊंना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, ‘झ्याक हाय’ म्हणाले — आणि नमुन्यांच्या अल्बमात पहिल्या पानावर लावून टाकला. गिऱ्हाईक विचारायचं, हे कुणी केलं? ते म्हणायचे, “आमच्याकडचंच हाय.” मी तिथंच, त्यांच्या पाठीमागे, दोरे ओवत बसलेली असायचे. त्यांनी कधी मागे वळून बघितलं नाही. कधीच नाही. खोटं बोलले का? नाही. माझं नाव तेवढं गिळलं.

तो राग मी सोडलेला नाही. हे सांगतानाही सोडलेला नाही. काम सोडलं, घराच्या पडवीत टेबल मांडलं आणि ठरवलं — या माणसाचं तोंड एक दिवस बंद करीन.

तो दिवस जतच्या बाजूनं आला. बिरूतात्या म्हणून एक म्हातारे, मोठ्या धनगर घराण्यातले, नातीच्या लग्नाच्या पत्रिकांसाठी सांगलीत हिंडत होते. त्यांच्या गावच्या बिरोबाच्या देवळातला भंडारा — देवावर उधळलेली हळद — त्यांनी फडक्यात बांधून आणला होता. ‘श्री बिरोबा प्रसन्न’ ही ओळ त्याच भंडाऱ्यानं उठवून द्या, एवढं त्यांचं मागणं. पत्रिका ज्या घरी जाईल त्या घरी देवाचा भंडारा जावा, अशी इच्छा. त्यांची थोरली बहीण कर्नाटकात दिलेली, पाय गेलेले, कित्येक वर्षांत देवाला येऊ शकली नव्हती. तिच्यासाठी मुख्य.

ते आधी शंकरभाऊंकडे गेले होते. भाऊंनी सांगितलं, भंडारा शाईत बसत नाही. पाहिजे तर प्रत्येक पाकिटात पुडी बांधून देतो. तात्यांना ते नको होतं. मला म्हणाले, “पुडी फुटती वैनी. भंडारा खाली सांडतो, मग पायाखाली येतो. त्यो कागदालाच बसाया पायजे. जमंल का तुमास्नी?”

मी विचारलं, आधी कुणाला दाखवलं? त्यांनी शंकरभाऊंचं नाव घेतलं. ते काय म्हणाले? न्हाई जमत म्हणाले.

मग मी काय म्हणाले असेन?

जमतं म्हणाले. करून बघते नव्हे, जमतं. आणि कुणालाच जमत नाही ते मला जमतं, म्हणून नेहमीपेक्षा चढा भाव सांगितला. तात्यांनी घासाघीस केली नाही. देवाच्या कामात करीत नाहीत, म्हणाले. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक समोर असलं की मला कसंतरीच होतं. त्या दिवशीही झालं.

ठसा मात्र मी जीव ओतून कोरला. घोंगडीची किनार, मधोमध धनगरी ढोल, त्याच्या दोऱ्यांचे ताण एकेक वेगळे. खाली देवाची ओळ. त्या ठशाची मला आजही लाज वाटत नाही.

भंडारा बसला नाही. हळद वितळत नाही, करपते. नुसता लावला तर गरम हवेनं उडून गेला आणि उरला तो तपकिरी झाला. घरभर फोडणी जळल्याचा वास. बिनरंगी पावडरीत मिसळला तर चिखलासारखे गोळे आले. त्यात देवळातल्या भंडाऱ्यात उधळलेल्या खोबऱ्याचे कण होते. ते तापले की तेल सुटायचं आणि कागदावर डाग पसरायचा. मी चाळला, पुन्हा चाळला, वस्त्रगाळ केला. घोंगडीची लव निघाली, खोबरं निघालं — करपणं काही थांबलं नाही. लग्नाची तारीख जवळ आली.

मी जतला निरोप पाठवू शकत होते. तात्या, जमलं नाही, शंकरभाऊ म्हणतात ते बरोबर आहे, पुड्या बांधू या. रागावणारा माणूस नव्हता तो. पण ‘शंकरभाऊ म्हणतात ते बरोबर आहे’ — हे शब्द माझ्या तोंडून निघणार होते का?

मी बाजारातली पिवळी पावडर आणली. तयार, कारखान्यातली, हळदीच्या रंगाला अगदी जुळणारी. तिनं तो ढोल असा काही उठवला की काय सांगू. सोन्यासारखा. सगळ्या पत्रिका मी तिच्यातच केल्या आणि तात्यांचा भंडारा निर्माल्याच्या पिशवीत घालून कृष्णेत सोडला. घाटावर ओळखीच्या एकीनं विचारलं, काय गं सोडलंस? फुलं, म्हणाले.

तात्या पत्रिका न्यायला आले. पहिली उचलली, कपाळाला लावली, ढोलावरून अंगठा फिरवला. बघत राहिले. मग म्हणाले, “द्येव बसला की गं बाई.”

आणि मी मान खाली घातली नाही. ऐकताय ना? मी हसले. मी म्हणाले, “लय मेहनत लागली, तात्या.”

पत्रिका गेल्या. कर्नाटकातल्या त्या बहिणीनं म्हणे ती छातीशी धरली आणि रडली. देव घरी आला म्हणाली. हे मला तात्यांच्या सुनेनं लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितलं. मी जिलबी मागून घेतली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बोभाटा झाला. एक पत्रिका शंकरभाऊंच्या हातात गेली होती. छापणारा माणूस तो. त्यानं नखानं खरडून बघितलं, वास घेतला, बोट घासलं आणि तात्यांच्या पुतण्याला म्हणाला, भंडारा बोटाला लागतो, हे लागत न्हाई. ह्यो भंडारा नव्हं. पुतण्यानं घरी सांगितलं, घरातून भावकीत गेलं. तात्यांनी आम्हा दोघांनाही गावी बोलावलं. थेट देवळापुढे.

मी नवी साडी नेसून गेले. घाबरले होते का? होते. पण घाबरले की माझा आवाज चढतो.

देवळाच्या फरशीवर भावकीतली माणसं बसली होती. मध्ये ताट — बेलाची पानं आणि भंडारा. आमच्याकडे बेल-भंडारा उचलून जे बोलाल ते देवासमोर बोललं, मग त्यावर वाद नाही. तात्या म्हणाले, “वैनी, मला शंका न्हाई. पर चार माणसांत बोलणं झालंया. तुमी उचला, मिटवून टाकू.”

मी ताटाकडे बघितलं. आणि माझ्यातली बाजारातली बाई जागी झाली.

मी उभी राहिले. म्हणाले, “आळ कुणी घेतला? मी का त्यांनी? आळ घेणाऱ्यानं आधी उचलायचा. त्यांनी उचलावा, मग मी उचलते. का बाईमाणूस म्हणून मलाच आधी?”

भावकीत कुजबुज झाली. रास्त हाय, कुणीतरी म्हणालं. तात्यांनी ताट शंकरभाऊंकडे सरकवलं.

इथं मला थांबायला पाहिजे. कारण इथंच ते आहे. पावडर नाही, कृष्णा नाही — इथं. मी शंकरभाऊंकडे इतकी वर्षं काम केलं होतं. मला हा माणूस माहीत होता. शाई संध्याकाळपर्यंत वाळेल का असं गिऱ्हाइकानं विचारलं तरी ‘बघू’ म्हणायचा. वाळेल म्हणायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची हमी तो कुणाला द्यायचा नाही. मला भंडारा बदलताना त्यानं पाहिलं नव्हतं. तो उचलणार नाही, हे मला ताट सरकण्याआधी माहीत होतं. मी त्याच्या चांगुलपणावर डाव लावला होता.

शंकरभाऊंनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, “तात्या, म्या डोळ्यानं बघितलं न्हाई. मला तसं वाटतंय. वाटतंय त्यावर भंडारा कसा उचलू?”

“वाटतंय म्हणं!” मागून एकजण हसला. दुसरा म्हणाला, “गार पडलासा की, भाऊ! छापखान्यात लय त्वांड चालत हुतं!”

सगळे हसले. शंकरभाऊंचे कान लाल झाले. मला मग कुणी उचलायला सांगितलंच नाही. तात्यांनी ताटातला भंडारा चिमटीत घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. म्हणाले, “लेकी, मनात ठिवू नगंस.”

शंकरभाऊ माझ्यापुढे आले, हात जोडले, “चुकलं माझं, वैनी,” म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी थांबणारी आहे का? कपाळावर तो भंडारा घेऊन मी तिथंही सौदा केला. म्हणाले, एवढ्यानं भागणार नाही. त्या अल्बमातला मंगलकलश कुणी केला, तेही सगळ्यांपुढे सांगा.  मग वळून भावकीला म्हणाले, “कलश वैनींनी केला हुता. म्या आमचा म्हणून दाखवला.” इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकायला मिळालं. एकाच दमात त्या माणसानं दोन कबुल्या दिल्या — एक खरी, एक खोटी. दोन्ही मी घेतल्या.

त्यांनी उचलला असता तर मी काय केलं असतं? हे कुणी विचारलं नाही, पण मीच सांगते. मीही उचलला असता. मी स्वतःला ओळखते.

त्यानंतर त्या सगळ्या पट्ट्यातली लग्नं माझ्याकडे आली. ‘भंडाऱ्याची पत्रिका’ म्हणून माझं नाव झालं आणि शंकरभाऊंचं गेलं. देवाच्या कामात खोटा आळ घेणारा माणूस म्हणून लोक त्यांच्या पायऱ्या चढेनासे झाले. आता तिथं त्यांचा मुलगा वह्या-पुस्तकं विकतो.

एक गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे, कारण ती खरी आहे आणि माझी आहे. पुढच्या घराण्यानं भंडारा आणून दिला तेव्हा मी पिवळ्या पावडरीला हात लावला नाही. किती कागद जाळले, कितीदा रडकुंडीला आले — पण रीत शोधून काढली. डिंकाच्या पाण्यात बुडवलेला ठसा कागदावर दाबायचा, वस्त्रगाळ भंडारा त्यावर बसू द्यायचा, सावलीत वाळवायचा, मग वरून बिनरंगी पावडरीचा पातळ थर आणि खालून अगदी मंद झळ. हळद करपत नाही, उडत नाही, बोटालाही लागत नाही. ही रीत दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्यानंतरची प्रत्येक पत्रिका खरी आहे. छाती ठोकून सांगते.

पहिली नाही. ती तात्यांनी काच लावून देव्हाऱ्यात ठेवली आहे. तात्या आजही आहेत. रोज तिला हात जोडतात.

गेल्या माघात शंकरभाऊ साताऱ्याला माझ्या कारखान्यात आले. जिना चढून दम लागला होता. नातीचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांच्या खंडोबाचा भंडारा त्यांनी रुमालात बांधून आणला होता. मी चहा मागवला. टेबलावर वाळत घातलेल्या दुसऱ्या कुणाच्या पत्रिका होत्या. त्यांनी एक उचलली, खिडकीशी नेली, जुन्या सवयीनं बोट घासलं. बोट बघितलं. पुन्हा घासलं.

“लागत न्हाई,” म्हणाले.

मी म्हणाले, “नाही लागत.”

त्यांनी पत्रिका होती तिथं परत ठेवली. मग म्हणाले, “तवा मला वाटलं, बोटाला लागत न्हाई म्हंजी भंडारा न्हाईच. एवढ्यावरनं तुमच्यावर आळ घेतला, वैनी. मनात कुठंतरी अजून वाटायचं की माझंच खरं हाय. आज फिटलं. म्हातारपणी बरं झालं बघा, डोळ्यानं बघाया मिळालं.”

चहा आला. माझी मुकादमीण शेजारी उभी होती, बायका काम थांबवून ऐकत होत्या. बोलायला तोंड होतं, वेळ होता, तो माणूस समोर बसला होता. मी म्हणाले, “चहा घ्या, भाऊ. गार होतोय.”

मग भाव ठरवला. त्यांनी थोडा कमी मागितला, मी दिला नाही.

त्यांच्या नातीच्या पत्रिका मी स्वतःच्या हातानं केल्या, खऱ्या भंडाऱ्याच्या. गठ्ठा उचलून ते जिना उतरताना म्हणाले की माझ्यासारखा हात या दोन जिल्ह्यांत नाही. ते बरोबर आहे.

आणि बिरूतात्यांच्या पत्रिकेबद्दल ते म्हणाले होते, तेही बरोबर होतं. तो भंडारा नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता त्यांना वाटतं, ते चुकले.